कोपर दाखवायचं की हात सैल सोडायचा? बारा वर्षांच्या पिचरच्या पालकांसाठी

माझ्या भाचीला सॉफ्टबॉलमध्ये पिचिंग, म्हणजे हात खालून फिरवून फलंदाजाकडे चेंडू टाकणं, सुरू करून वर्ष झालं. शाळेतले सर सांगतात, "चेंडू सुटला की कोपर कॅचरला दाखव." (कॅचर म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारी.) तिने मोबाईलवर पाहिलेल्या जपान-अमेरिकेच्या पिचर मात्र कोपर असं मुद्दाम वर नेत नाहीत, त्यांचा हात कंबरेला घासून सैल निघून जातो. जिंतूरकडच्या दोन-तीन पालकांनीही मला हेच विचारलं, म्हणून दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवते. मी शाळेत पहिल्याच पद्धतीने पिचिंग केलं, हे आधीच सांगून टाकते.

पहिल्या पद्धतीत हात डोक्यावरून मागे खाली येताना तळवा दुसऱ्या बेसकडे, म्हणजे पिचरच्या पाठीमागे, असतो. चेंडू मागून ढकलत आणायचा, मनगटाचा झटका द्यायचा आणि शेवटी कोपर वर. वीस मुलींना एका रांगेत उभं करून हे तासाभरात शिकवता येतं, आणि जवळून टाकलेला चेंडू लवकर सरळ जायला लागतो. एकच क्रीडाशिक्षक कबड्डीपासून सॉफ्टबॉलपर्यंत सगळं सांभाळतो, तिथे हा गुण लहान नाही.

दुसऱ्या पद्धतीत हात मागे आडवा असताना तळवा आभाळाकडे असतो. कोपर आधी खाली येतं, कोपराखालचा हात मागे रेंगाळतो. तो कंबरेला घासतो तेव्हा दंड क्षणभर अडल्यासारखा होतो आणि खालचा हात गर्रकन आत वळतो. वेग तिथे येतो, नुसत्या मनगटाच्या झटक्याने नाही. तळ्याच्या पाण्यावर चपटी खापरी टप्पे खात जावी म्हणून आपण फेकतो ना, तेव्हाही कोपर पुढे आणि मनगट शेवटी. ते कुणी शिकवलेलं नसतं.

गंमत अशी, की "कोपर दाखव" असं शिकवणाऱ्या कितीतरी चांगल्या पिचर स्वतः पूर्ण वेगात टाकताना दुसरीच पद्धत वापरतात. हळू चालीत व्हिडिओ पाहिला की ते कळतं. म्हणून तोंडी सूचनेपेक्षा मोबाईलवर विश्वास ठेवा. उजव्या हाताची पिचर असेल तर तिसऱ्या बेसच्या, म्हणजे तिच्या उजव्या, बाजूने स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि हात खाली येतानाची दोन-तीन चित्रं थांबवून बघा: तळवा कुठे आहे, कोपर पुढे आहे की चेंडू?

कंबरेचंही तसंच. "दार लाव, कंबर बंद कर" म्हणजे चेंडू टाकताना कंबर समोर फिरव, ही सूचना पहिल्या पद्धतीसोबतच येते. चेंडू सुटायच्या आधीच कंबर पूर्ण समोर फिरली तर ती हाताच्या वाटेत येते, हात बाहेरून वळसा घेतो आणि चेंडू झोनच्या, म्हणजे फलंदाजासमोरच्या ठरलेल्या पट्ट्याच्या, बाहेर जातो. चेंडू सुटताना कंबर अर्धवट उघडी असली तर बिघडत नाही, उलट हाताला वाट मिळते.

खांद्याच्या बाबतीत दोन्ही पद्धतींत सावध राहा. खालून टाकलेल्या चेंडूने खांदा दुखत नाही, हा समज खोटा आहे. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जपानच्या युकिको उएनो हिने दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून सुवर्ण मिळवलं, हे उदाहरण काही जण कौतुकाने देतात; पण ती तेव्हा २६ वर्षांची, देशाची मुख्य पिचर होती. लेकराच्या खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर त्या दिवशी सराव बंद.

आता निर्णय. मुलगी नवी असेल तर मी दुसरीच पद्धत निवडेन. सवय मोडण्यापेक्षा लावणं सोपं. पण जिल्हास्तर स्पर्धा तीन आठवड्यांवर असेल आणि पहिल्या पद्धतीने स्ट्राईक पडत असतील, म्हणजे चेंडू झोनमध्ये जात असतील, तर हात लावू नका. बदल करताना महिनाभर तरी चेंडू कुठेही जातो, आणि सामन्यात तसं झालं की पोरगी खचते. सरांना न विचारता घरी वेगळं शिकवणंही नको. व्हिडिओ त्यांनाच दाखवा; बहुतेक सर ऐकून घेतात.

मोठ्यांच्या पिचिंगच्या अंतराचा आग्रह सोडा. मोठ्या महिलांचं ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर, अमेरिकेत बारा वर्षांखालच्या मुली ४० फुटांवरून आणि दहाखालच्या ३५ फुटांवरून टाकतात. १२ इंची घेराचा चेंडू बोटांत मावत नसेल तर ११ इंची घ्या.

घरी जुनी वाकळ लिंबाच्या फांदीला टांगली की कॅचर लागत नाही. चेंडूवर एक रंगीत पट्टी चिकटवा, फिरत कसा जातो ते दिसेल. जागा मात्र मुरमाची बघा. पावसात काळ्या मातीत मागचा पाय ओढताना चिखलात रुततो आणि गुडघा मुरगळतो. भाचीचा एकदा मुरगळला, आठ दिवस घरी बसली.