सहा मीटरची गल्ली, दुसरा मजला, लिफ्ट नाही

रात्री साडेदहाला आमच्या गल्लीत कुणी स्कूटर मेन स्टँडवर चढवली, तर तीन इमारती पलीकडेही ऐकू जातं. पुण्यात, तेही सातारा रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर. म्हणून फ्लॅटबद्दल सांगायच्या आधी गल्लीबद्दल सांगते, कारण आम्ही खरी विकत घेतली ती गल्लीच. फ्लॅट तिच्याबरोबर आला.

धनकवडीत अकरा वर्षं भाड्यानं काढली. अकरा महिन्यांचा करार धरला तर बारा करार होतात. मी टिंबर मार्केटातल्या एका दुकानात हिशेब बघते, त्यामुळे असली मोजदाद डोक्यात आपोआप चालते. बजेट साठ लाखांच्या आत, सगळा खर्च धरून फार तर पासष्ट. एवढ्यात आंबेगाव-नऱ्हे बाजूला नव्या टॉवरमधला चौदाव्या मजल्यावरचा टू बीएचके बसत होता. स्विमिंग पूल, क्लब हाऊस, आणि महिना साडेचार हजार मेंटेनन्स. सासूबाई तिथल्या बाल्कनीत उभ्या राहिल्या, खाली बघितलं आणि म्हणाल्या, ''इथं भाजीवाल्याला हाक कशी मारायची गं?'' विषय तिथेच संपला.

मग सहकारनगर. आमची इमारत 1986 ची, तीन मजले, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. दुसरा मजला. मूळ करारात 650 चौरस फूट बिल्ट-अप, म्हणजे भिंतींसकट, लिहिलंय. टेप घेऊन नवऱ्यानं आणि मी प्रत्यक्ष मोजलं, आतून 540 भरलं. हे ऐकून कमी वाटेल, पण टॉवरच्या माहितीपत्रकातला कार्पेट, म्हणजे आतलं माप, 535 होता आणि त्यात बेडरूममध्ये कपाट उघडलं की दार लागत नव्हतं. जुन्या बांधकामातल्या खोल्या चौकोनी असतात. स्वयंपाकघराला खिडकी, खिडकीबाहेर शेवगा. किंमत अठ्ठावन्न लाख ठरली.

या भागात एवढ्याला कसा मिळाला, हा प्रश्न मलाही पडला होता. मालकांना घाई आहे, असं एजंटनं सांगितलं. खरं कारण मोजपट्टीतच होतं. गल्ली सहा मीटर रुंद आहे. 2020 च्या एकात्मिक विकास नियमावलीनुसार नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला जादा बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही, म्हणजे जुनी इमारत पाडून वर चार मजले जास्त चढवायची सोय नाही, म्हणजे बिल्डर फिरकत नाही. सगळे जण जुन्या सोसायटीत फ्लॅट घेतात ते उद्या रिडेव्हलपमेंटमध्ये मोठा मिळेल या आशेवर, आणि ती आशा इथल्या भावात धरलेलीच नाही. मुख्य रस्त्यालगत अशाच वयाच्या इमारतीतले मालक आजच नव्या फ्लॅटचा भाव सांगतात. आमच्याकडे शांतता आणि स्वस्ताई दोन्ही एकाच कारणानं आल्यात. 2020 मध्येच शहरातले असे शेकडो सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव महापालिकेत आला होता आणि बराच गदारोळ झाला होता. उद्या तसं झालं तर माझ्या फ्लॅटचा भाव वाढेल आणि शेवगा जाईल. दोन्ही गोष्टी एकदमच होतील, हे मी घेतानाच स्वतःला बजावून ठेवलंय.

घर बघायला तीनदा गेलो. एकदा सकाळी सातला, पाणी येतं तेव्हा. एकदा रात्री. आणि एकदा मुद्दाम जुलैच्या पावसात, छताचा कोपरा बघायला. चौथी फेरी मी एकटीनंच मारली, ती फ्लॅटसाठी नव्हती. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी आणि पद्मावती भागात काय झालं, ते त्या बाजूला राहणारा कुणी विसरलेला नाही. कात्रजकडून येणारं पाणी रात्री लोकांच्या घरात शिरलं, भिंत पडून माणसं गेली. सहकारनगर म्हटलं की सगळं एकच समजू नये. ओढ्याकाठ वेगळा आणि तळजाईच्या चढाकडचा भाग वेगळा. मी कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारलं, त्या रात्री पाणी कुठपर्यंत आलं होतं? त्यानं दुकानाबाहेर येऊन उतारावर खालच्या चौकापर्यंत बोट दाखवलं. आमची गल्ली त्याच्या बरीच वर. एजंटला हाच प्रश्न विचारला होता, तर म्हणाला, ''मॅडम, इथं कधी पाणी भरत नाही.'' उत्तर खरंच निघालं, पण त्याला ते माहीत नव्हतं, नुसतं सांगून टाकलं होतं.

या घराला तारे द्यायचे झाले तर एक तारा मी कापेन, तो कागदपत्रांसाठी. शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला, विकणाऱ्यांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर, नॉमिनी थोरला मुलगा. त्याची प्रामाणिक समजूत अशी, की नॉमिनी म्हणजे मालक, आपण एकट्यानं सही केली की झालं. वकिलीणबाईंनी पहिल्याच भेटीत विसार थांबवला. नॉमिनी हा फक्त सांभाळणारा, हक्क सगळ्या वारसांचा. धाकटा भाऊ आणि नाशिकची बहीण, दोघांच्या सह्या लागणार. बहिणीला भावानं विचारलंही नव्हतं. तिला फोन मलाच करावा लागला आणि तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड फोन होता, कारण मी कोण? पण ती आली. खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत फोटो आणि अंगठे होईपर्यंत तिघं भावंडं वेगवेगळ्या बाकांवर बसली होती, आणि नंतर बाहेर चहाच्या टपरीवर एकत्र. यात अडीच महिने गेले आणि धनकवडीचं भाडं तेवढं जास्तीचं पडलं.

पैशाचं सांगते, कारण हे कुणी नीट सांगत नाही. खरेदी फक्त माझ्या नावावर केली. महाराष्ट्रात निवासी घर घेणारी एकटी बाई असली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे; पुण्यात सातऐवजी सहा. म्हणजे 4,06,000 च्या जागी 3,48,000. नोंदणी फी 30,000, ती त्याच्यावर जात नाही. नवऱ्याचं नाव घातलं असतं तर सवलत गेली असती. आता त्याला गृहकर्जावरच्या व्याजाची वजावट मिळत नाही, ती मी घेते. पन्नास लाखांच्या वर किंमत असल्यानं विकणाऱ्याच्या रकमेतून एक टक्का कर, म्हणजे टीडीएस, आपणच कापून भरायचा असतो. विकणारे तिघे म्हणून त्यासाठीचे 26क्यूबी नावाचे तीन वेगळे फॉर्म भरले. दुकानातल्या मालकांनाही हे माहीत नव्हतं आणि त्यांनी तीन दुकानं घेतलीत.

कर्जाला पहिल्या बँकेनं नाही म्हटलं, इमारतीचं वय बघून. दुसरीनं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, मागितलं. तीस वर्षांवरच्या इमारतीचं ते दर तीन वर्षांनी करायचं असतं. सोसायटीनं शेवटचं कधी केलं होतं हे सेक्रेटरींना आठवेना, मग कपाटातून फाइल निघाली, तारीख सहा वर्षांपूर्वीची. नवं करून घेतलं, अर्धे पैसे मी दिले. नियमानं मी द्यायला नको होते. पण पंधरा वर्षांचं कर्ज त्याच्यावर अडलं होतं आणि कॉलम ठीक आहेत हे मला स्वतःलाही कळायला हवंच होतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करा, असं अहवालात लिहून आलं. ते अजून व्हायचंय.

ट्रान्सफरच्या वेळी कमिटीनं 'इमारत निधी' म्हणून एक लाख मागितले. मी 9 ऑगस्ट 2001 च्या सरकारी परिपत्रकाची प्रत पुढे ठेवली: ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त पंचवीस हजार. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग सगळ्यात वयस्कर सभासद म्हणाले, ''बरं झालं, आपल्याला हिशेब बघणारं कुणी नव्हतंच.'' पंचवीस हजार भरले, पावती घेतली. आणि आता मी खजिनदार आहे.

इमारतीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नाही; जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर आहे. हे घेण्याआधीच कळलं होतं. बारा जणांनी मिळून मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालकानं करून दिलं नाही तरी सरकारकडून ते करून घेण्याचा, अर्ज करायचा आहे आणि तो आता बहुधा मलाच लिहावा लागेल. कुणी विचारलं तर मी याला मोठा दोष म्हणेन. पुण्यातल्या निम्म्या जुन्या सोसायट्यांत हेच ऐकायला मिळतं, पण म्हणून तो दोष लहान होत नाही.

राहायला येऊन आठ महिने झाले. जिन्याला छत्तीस पायऱ्या. सासूबाई दिवसातून एकदाच उतरतात, संध्याकाळी, आणि तळमजल्याच्या ओट्यावर अडीच तास बसतात. टॉवरमध्ये लिफ्ट होती, पण ओटा नव्हता. मेंटेनन्स दीड हजार. पाणी सकाळी चांगलं येतं, टँकर एकदाही बोलवावा लागला नाही. मुलगी तळजाईवर पळायला जाते, मी जाणार जाणार म्हणते. स्वारगेटला मेट्रो 2024 च्या सप्टेंबरपासून आहे, रिक्षानं गाठायला सोपं. चारचाकीवाल्यांनी मात्र इथं येऊच नये. आत चार गाड्यांची जागा आहे, फ्लॅट बारा, आणि गल्लीत दुतर्फा गाड्या लागल्या की गॅस सिलिंडरचा टेम्पो तोंडाशीच थांबतो. आमची दोन दुचाकी वाहनं, म्हणून निभावतंय.

पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट सध्या विकायला आहे. तो बघायला जाणार असाल तर बाथरूमच्या मागच्या भिंतीला, कपाटाआड, हात लावून बघा. ओल आहे आणि कपाट तिथं उगाच ठेवलेलं नाही. वरच्या फ्लॅटची पाइपलाइन बदलली की ती जाईल. वरचा फ्लॅट आमचाच आहे, प्लंबर येत्या सोमवारी येतोय. सात हजार सांगितलेत, सहात करतो का बघते.