अमळनेरचा नवोदय क्लास: पालक म्हणून माझा अनुभव

माझी मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीला आहे. वर्षभर ती अमळनेरला एका नवोदय क्लासला जात होती, म्हणजे नवोदय या सरकारी निवासी शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या क्लासला. परीक्षा झाली, निकाल यायचाय. पण क्लासबद्दलचं माझं मत निकालावर अवलंबून नाही, म्हणून आत्ताच लिहितेय.

आधी आम्ही दुसऱ्या एका क्लासमध्ये चौकशी केली होती. त्यांनी मुलीला न बघताच "शंभर टक्के लागेल" असं सांगितलं. वर म्हणाले, आमच्या होस्टेलला ठेवा, हजेरी गावच्या शाळेत लागत राहील. मला ते अजिबात पटलं नाही.

इथल्या सरांनी पहिला प्रश्न विचारला, "तिसरी, चौथी कुठे झाली?" आमच्या जळगाव जिल्ह्याचं नवोदय साकेगावला, तिथे सहावीसाठी जागा 80. जिल्ह्यात तालुके 15, म्हणजे सारख्या वाटल्या असं धरलं तरी तालुक्याला पाच-सहाच येतात. एकूण जागांपैकी किमान 75 टक्के ग्रामीण मुलांसाठी आणि किमान एक तृतीयांश मुलींसाठी. पण ग्रामीण धरलं जायला तिसरी, चौथी, पाचवी पूर्ण खेड्यातल्याच शाळेत व्हावी लागते. मधे एक दिवस जरी शहरातल्या शाळेत नाव असलं तरी मूल शहरी गणलं जातं. आमच्या घरात पाचवीला अमळनेरच्या शाळेत टाकायचं जवळपास ठरलंच होतं. सर म्हणाले, "ताई, दाखला काढू नका. पोरीचा चान्स तुम्हीच कमी कराल." आमच्याकडून फी घ्यायच्या आधी त्यांनी हे सांगितलं, याचं मला फार मोल वाटतं. परीक्षा एकदाच देता येते, पाचवीत असतानाच. तिथे चुकीचा सल्ला मिळाला तर पुढच्या वर्षी सुधारता येत नाही.

शिकवण्यात बुद्धिमत्ता एक नंबर. पेपर दोन तासांचा, प्रश्न 80, गुण 100. त्यातले 40 प्रश्न नुसत्या आकृत्यांचे, म्हणजे निम्मे गुण तिथेच. घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, हा प्रकार मुलीला काही केल्या जमत नव्हता. सरांनी रद्दी पेपरचे चौकोन कापून दिले, पंचिंग मशीन हातात दिलं आणि म्हणाले, आधी वहीत भोकांच्या जागा काढ, मग घडी उघड. महिनाभर आमच्या ओट्यावर कागदाच्या टिकल्याच टिकल्या. आता ती घडी मनातल्या मनात उघडते. उत्तरपत्रिकेतले गोल बॉलपेनने भरायचा सरावही भरपूर घेतला. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा सोडायचा नाही, हे पक्कं बसवलंय.

गणित ठीक.

भाषेकडे मात्र दुर्लक्ष होतं. उतारे वाचून 20 प्रश्न सोडवायचे, 25 गुणांचे, पण क्लासमध्ये तेच ते जुन्या गाइडमधले उतारे, छपाईच्या चुकांसकट. आमच्या मुलांची घरची बोली अहिराणी, पुस्तकी मराठीचा उतारा त्यांना सावकाश वाचावा लागतो. त्यावर जास्त वेळ द्यायला हवा होता. शेवटी मीच घरी रोज पेपरातली एक बातमी वाचून घेऊन प्रश्न विचारायचे. दुसरी तक्रार, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही. रविवारी चार तास बसवता, तर एवढी सोय करायलाच हवी.

सासूबाई अजूनही म्हणतात, "धाकली पोर, होस्टेलमां कशी राही वं?" सरांनी तेही टाळलं नाही. पालकांच्या बैठकीत स्पष्ट सांगितलं की राहणं, जेवण, पुस्तकं सगळं सरकारचं, पण लेकरू अकराव्या वर्षी घराबाहेर जाणार, तयारी तुमचीही हवी.

फी सहा हजार, दोन हप्त्यांत घेतात. नवोदयचा ऑनलाइन फॉर्म मोफत असतो, तो भरायचे वेगळे पैसे इथे कुणी मागितले नाहीत.

धाकटा यंदा तिसरीत आहे. भाषेला वेगळे शिक्षक आणले तर दोन वर्षांनी त्यालाही इथेच घालणार. त्याचं नाव तोवर गावच्या शाळेतून हलवायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.