गूगल सर्च कन्सोल : जमिनीच्या कागदपत्रांवर लिहिणाऱ्या ब्लॉगलेखकाचे परीक्षण

आपला लेख गूगलमध्ये वरच्या जागी यावा म्हणून दरमहा शुल्क आकारणारी साधने आज पुष्कळ आहेत. ती शोधशब्द सुचवतात, स्पर्धकांचे लेख मोजतात आणि आपल्या लेखाला गुणही देतात. मात्र ही साधने बाहेरून अंदाज बांधतात, आणि मराठी शोधशब्द किती वेळा शोधले जातात याचा त्यांचा अंदाज बहुधा शून्यावर किंवा शून्याच्या आसपास येऊन थांबतो. गूगल सर्च कन्सोल हे खुद्द गूगलचे आणि पूर्णपणे मोफत साधन आहे. पूर्वी ते वेबमास्टर टूल्स म्हणून ओळखले जाई. २०१५ मध्ये त्याचे नाव बदलले आणि २०१८ पासून ते आजच्या रूपात आले. सातबारा, फेरफार, वारस नोंद अशा विषयांवर मराठीत लिहिताना मी ते नियमित वापरतो. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी काय करावे हे ते सांगत नाही. पण प्रसिद्ध झालेला लेख वाचकाने नेमकी कोणती अक्षरे टाइप करून शोधला, हे गूगलपुरते तरी त्याच्याइतके खात्रीने कोणी सांगू शकत नाही. त्याची खरी किंमत एवढ्या एका गोष्टीत आहे.

खाते सुरू करणे अवघड नाही. संकेतस्थळ आपलेच आहे हे सिद्ध करण्यासाठी डोमेनच्या नोंदीत एक ओळ घालावी लागते किंवा पानाच्या शीर्षभागात एक टॅग चिकटवावा लागतो. जमत असेल तर डोमेनची नोंद हाच मार्ग घ्यावा, कारण त्यात सगळे उपडोमेन आणि http व https असे दोन्ही प्रकारचे पत्ते एकाच हिशेबात येतात. त्यानंतर साइटमॅप, म्हणजे आपल्या पानांच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल, सादर करायची. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते मावतात, तेव्हा मराठी ब्लॉगलेखकाने मर्यादेची चिंता करण्याचे कारण नाही.

या साधनाचा प्राण म्हणजे ‘परफॉर्मन्स’ हा अहवाल. त्यात क्लिक, इम्प्रेशन्स म्हणजे आपला दुवा निकालांत किती वेळा दाखवला गेला तो आकडा, क्लिकचे प्रमाण आणि सरासरी स्थान अशा चार गोष्टी दिसतात. बहुतेक जण एकूण आलेख पाहतात, तो चढला की सुखावतात आणि खिडकी बंद करतात. खरे काम एक लेख निवडून त्याच्यापुरते शोधशब्द पाहण्याचे आहे. सातबाऱ्यावरच्या लेखाचे उदाहरण घ्या. अशा लेखाला इम्प्रेशन्स भरघोस मिळतात आणि क्लिक मूठभर. शीर्षक आकर्षक नाही, असा निष्कर्ष त्यावरून घाईने काढला जातो. परंतु शोधशब्दांची यादी उघडली की नुसते ‘सातबारा’, ‘७/१२’ किंवा ‘सातबारा उतारा’ असे शब्द वर दिसतात. असे लिहिणाऱ्या माणसाला लेख वाचायचाच नसतो. त्याला महाभूलेखाचे सरकारी संकेतस्थळ उघडून आपला उतारा पाहायचा असतो. तिथे कितीही चांगला लेख लिहिला तरी सरकारी पानाच्या पुढे जाण्याचा अट्टहास व्यर्थ आहे, आणि वाचकाच्या दृष्टीने पाहिले तर तो अनाठायीही आहे.

वारस नोंदीच्या लेखाची यादी याच्या अगदी उलट असते. तिथे ‘वारस नोंद किती दिवसात होते’, ‘वारस नोंद अर्ज नमुना’, ‘तलाठी वारस नोंद करत नाही काय करावे’ अशा धर्तीचे पूर्ण प्रश्न येतात. या प्रश्नांची उत्तरे सरकारी पानावर सरळ भाषेत मिळत नाहीत, म्हणून ही जागा ब्लॉगलेखकाची आहे. फेरफार नोंद धरल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, ही माहिती कायद्याच्या ओघात लिहिताना लेखाच्या तळाशी जाते. लोक ‘किती दिवस’ हेच विचारत आहेत असे यादीत दिसले, की तेच उत्तर स्वतंत्र उपशीर्षक देऊन वर आणावे. सरासरी स्थान आठ ते वीसच्या दरम्यान असलेले आणि लेखात ज्यांचे उत्तर अर्धवट आहे असे शोधशब्द वेचून त्यांच्यासाठी लेख दुरुस्त करणे, हा माझ्या मते या साधनाचा सर्वांत फलदायी उपयोग आहे. अहवालातल्या तारखांच्या तुलनेची सोय वापरून दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा महिना शेजारी शेजारी ठेवता येतो. केलेल्या कष्टांचे काय झाले हे तिथे कळते. जाता जाता एक गोष्ट सांगतो. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, पण शोधपेटीत अजून तलाठीच येतो. लेखात नवे पदनाम अचूक द्यावे आणि शीर्षकात तलाठ्याला राहू द्यावे.

मराठी लेखकाला हे साधन आणखी एका कारणाने उपयोगी आहे. लेख देवनागरीत असला तरी शोधणारा पुष्कळदा रोमन अक्षरांत ‘वारस नोंद’ टाइप करतो, आठ-अचा उतारा इंग्रजी आठ आणि इंग्रजी अक्षर वापरून शोधतो, आणि सातबारा तर अक्षरांत, मराठी आकड्यांत आणि इंग्रजी आकड्यांत अशा तिन्ही तऱ्हांनी लिहिला जातो. शोधशब्दांच्या गाळणीत ‘रेजेक्स’, म्हणजे अक्षरांचा नमुना देऊन शोधण्याचा पर्याय, निवडून चौकटी कंसात [अ-ह] एवढेच लिहिले की देवनागरी अक्षर असलेले शोधशब्द वेगळे होतात. ‘जुळत नाही’ हा उलट पर्याय घेतला की बहुतेक रोमन शोध उरतात. [०-९] लिहिले तर मराठी आकडे वापरणारे वाचक दिसतात. हिंदी शोधही याच जाळ्यात सापडतात, कारण लिपी एकच. पण जमिनीच्या कागदांची नावे राज्यागणिक बदलत असल्याने आपल्या विषयात ही भेसळ फारशी त्रास देत नाही. एकाच लेखाचे दोन वाचकवर्ग इतक्या स्वच्छपणे वेगळे करून दाखवणारे दुसरे मोफत साधन माझ्या पाहण्यात नाही.

याच अहवालाची फाइल उतरवून एक्सेलमध्ये उघडली की देवनागरी पत्त्यांच्या जागी टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि कोणता लेख कोणता हे ओळखू येत नाही. त्याचे कारण असे, की पत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो की अनुस्वार, नऊ रोमन चिन्हांत बदलते. वर्डप्रेस पत्त्यातल्या लेखाच्या नावाच्या भागाला (स्लगला) २०० चिन्हांची मर्यादा घालतो, म्हणजे मराठी शीर्षकाची जेमतेम बावीस चिन्हे त्यात मावतात. ‘वारस नोंद करण्यासाठी लागणारी कागदपत्रे’ या शीर्षकाचा पत्ता आपोआप ‘वारस-नोंद-करण्यासाठी-लाग’ एवढ्यावर तुटतो. देवनागरी पत्ता गूगलला चालतो आणि त्यामुळे क्रमांक घसरत नाही. पण असा तुटका पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की तो टक्केचिन्हांसकट पसरतो आणि वाचकाला संशयास्पद वाटतो. म्हणून शीर्षक मराठीत आणि पत्ता आखूड रोमन अक्षरांत, ही पद्धत मला अधिक सोयीची वाटते. मात्र जुन्या लेखांचे पत्ते उगाच बदलू नयेत आणि बदललेच तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचे पुनर्निर्देशन (रीडायरेक्ट) अवश्य ठेवावे.

आता उणिवांकडे वळतो, आणि त्या किरकोळ नाहीत. पहिली उणीव मराठीला विशेष जाचते. गोपनीयतेच्या कारणास्तव, दोन-तीन महिन्यांत काही डझनांहून अधिक लोकांनी जो शोध केलेला नाही तो शोधशब्द गूगल यादीत दाखवत नाही. इंग्रजीत याने फारसे बिघडत नाही. मराठीत मात्र लांबलचक, अडचणीतून आलेले, एकेका माणसाचे प्रश्न हाच लेखकासाठी सर्वांत मोलाचा ऐवज असतो, आणि नेमका तोच झाकला जातो. म्हणून यादीतल्या क्लिकची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही. शिवाय तक्त्यात फक्त १,००० ओळी दिसतात. छोट्या ब्लॉगला ही दुसरी मर्यादा क्वचितच आड येते. पहिलीवर तर कोणताही उपाय नाही.

दुसरी उणीव सरासरी स्थानाच्या आकड्याची. एक लेख एका प्रश्नासाठी तिसरा आणि दुसऱ्यासाठी साठावा दिसत असेल, तर सरासरीला काहीच अर्थ उरत नाही. लेख सुधारला की तो नव्या नव्या शोधांत सुरुवातीला तळाशी दिसू लागतो. त्यामुळे क्लिक वाढत असतानाही सरासरी घसरलेली दिसते आणि नवखा लेखक घाबरून चांगला बदल मागे घेतो. हा आकडा एका शोधशब्दापुरता पाहावा, संपूर्ण संकेतस्थळाचा मुळीच पाहू नये. एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या माथ्यावर येणारे यंत्ररचित उत्तर, भारतात २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजी आणि हिंदीत आले. त्यातून मिळालेली इम्प्रेशन्स आणि क्लिक सर्वसाधारण शोधाच्या बेरजेतच मिसळलेले असतात, त्यामुळे क्लिकचे प्रमाण घटले तर दोष शीर्षकाचा की त्या उत्तराचा, हे या अहवालावरून ठरवता येत नाही.

माहिती फक्त १६ महिन्यांची ठेवली जाते. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करायची, तर ती अलीकडच्या चार महिन्यांपुरतीच शक्य होते. ज्याला वर्षानुवर्षांचा हिशेब हवा आहे त्याने दर तिमाहीला फाइल उतरवून ठेवावी.

पानांच्या इंडेक्सिंगचा, म्हणजे पाने गूगलच्या सूचीत घेतली जाण्याचा, अहवाल उपयुक्त असला तरी त्याची भाषा वकिली नोटिशीसारखी आहे. ‘डिस्कव्हर्ड’ म्हणजे पत्ता कळला पण पान अजून वाचलेले नाही. ‘क्रॉल्ड’ म्हणजे पान वाचले, तरीही सूचीत घेतले नाही. दुसऱ्या प्रकारात का घेतले नाही याचे कारण दिले जात नाही. शासन निर्णयाचा मजकूर जसाच्या तसा चिकटवून केलेली पाने या यादीत सापडू लागली तर नवल वाटू नये. तोच मजकूर आधीच कित्येक ठिकाणी असतो. एखादे पान तपासून ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबता येते, पण एकाच पानासाठी ते पुन्हा पुन्हा दाबल्याने वेग वाढत नाही, हे गूगलने स्वतःच स्पष्ट केले आहे. काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते. ‘चोवीस तासांत इंडेक्स’ अशी जाहिरात करून पैसे घेणारे पुष्कळ आहेत. गूगलची इंडेक्सिंगची खास सोय अधिकृतपणे नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाची पाने एवढ्यांसाठीच आहे, हे ठाऊक आहे का, असे त्यांना आधी विचारावे.

पानाच्या वेगाचा कोअर वेब व्हायटल्स हा अहवाल क्रोम वापरणाऱ्या खऱ्या वाचकांच्या अनुभवावर बेतलेला असतो. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा अशी अपेक्षा असते. पुरेसे वाचक नसलेल्या ब्लॉगला तिथे रिकामा तक्ता दिसतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. दुव्यांचा अहवाल नमुन्यादाखल आहे असे समजून चालावे.

या साधनात काय नाही, हेही सांगितले पाहिजे. लेखाला हिरवा, पिवळा, लाल दिवा दाखवणारी प्लगिन वापरण्याची सवय असलेल्यांना इथे गुण मिळणार नाहीत, आणि ते बरेच आहे. ते दिवे प्लगिनचे आहेत; गूगल ते पाहत नाही. मेटा कीवर्ड्सचा, म्हणजे पानाच्या शीर्षभागात शोधशब्द भरण्याचा, रकाना आपण क्रमांकासाठी वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले, तरी मराठी लेखक तो रकाना आजही भक्तिभावाने भरतात. लेख अमुक शब्दांचाच हवा असाही नियम नाही. वारस नोंदीचा प्रश्न ६०० शब्दांत सुटत असेल तर त्यात महसूल कायद्याचा इतिहास ओतून २,००० शब्द करण्याने वाचक खाली सरकत राहतो आणि कंटाळून मागे फिरतो.

आठवड्यातून एकदा, दहा-बारा लेख झाल्यानंतर, हे साधन उघडावे असे मी सुचवेन. त्याआधी उघडून पाहण्यासारखे काही नसते, आणि रोज उघडले तर ताजे आकडे पक्के होण्यास दोन-तीन दिवस लागत असल्याने नुसती घालमेल होते. ज्यांचे वाचक मुख्यतः व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरून येतात अशा ललित लेखकांनी त्याच्या नादी लागले नाही तरी चालेल. ज्यांचा लेख अडलेल्या माणसाच्या प्रश्नाचे उत्तर देतो त्यांनी मात्र ते टाळू नये. हे काम एखाद्या एसईओ (शोधनिकालांत वर आणून देण्याचे काम करणाऱ्या) संस्थेकडे सोपवायचे असेल, तर तिला मालकाचा म्हणजे ‘ओनर’ हा अधिकार देऊ नये. अहवाल पाहण्यापुरते काम असेल तर ‘रिस्ट्रिक्टेड’ प्रवेश पुरतो, आणि काम संपल्यावर वापरकर्त्यांच्या यादीतून नाव काढण्याबरोबरच त्या संस्थेने लावलेला पडताळणीचा टॅगही पानातून काढून टाकावा. तो राहिला तर मालकी पुन्हा मिळवता येते.