यकृत प्रत्यारोपण सल्ला सेवा, छत्रपती संभाजीनगर : रुग्णाच्या भावाचा अभिप्राय

पुण्यातील एका खासगी रुग्णालयाचे यकृततज्ज्ञ ठरावीक दिवशी छत्रपती संभाजीनगरात रुग्ण तपासतात. दादांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, पण तो यकृताच्या दोन्ही भागांत पसरला आणि त्या गाठी कापून काढता येणार नाहीत असे सांगण्यात आले, म्हणून आम्ही लातूरहून त्यांच्याकडे गेलो.

या सेवेचा मोठा गुण म्हणजे स्पष्टपणा. डॉक्टरांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि एकेक गाठ रक्तवाहिन्यांना किती चिकटली आहे ते पेनाच्या टोकाने दाखवले. युरोपातील ९४ रुग्णांवरील ट्रान्समेट अभ्यासात केमोसोबत प्रत्यारोपणही ठरवलेल्या गटात पाच वर्षांनंतर ५६.६ टक्के, तर फक्त केमो ठरवलेल्या गटात १२.६ टक्के रुग्ण हयात असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, हे त्यांनी सांगितले. आणि त्याच दमात, प्रत्यक्ष प्रत्यारोपण झालेल्या ३८ जणांपैकी २८ जणांचा आजार उलटला, हेही सांगितले. हा दुसरा आकडा आम्ही न विचारता सांगितला, याचे मोल मला फार वाटते.

त्या अभ्यासात वयाची मर्यादा ६५ वर्षे होती, यकृताबाहेर कुठेही आजार असलेला चालत नव्हता, केमोला प्रतिसाद आवश्यक होता आणि गाठीच्या बीआरएएफ नावाच्या जनुकात बदल असलेले रुग्ण घेतले नव्हते. त्यामुळे ऑपरेशनची तारीख देण्याऐवजी, लातूरमध्येच केमो सुरू ठेवून नंतर सीईए (कॅन्सरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आणि नवा पेट स्कॅन (शरीरात आजार कुठे आहे ते दाखवणारा) घेऊन यावे, असा सल्ला मिळाला. घाई केली नाही, म्हणूनच विश्वास बसला.

वहिनी यकृताचा भाग द्यायला तयार आहेत. समन्वयक ताईंनी दादांसह आम्हा सर्वांना बाहेर बसवून त्यांच्याशी एकांतात बोलणे केले, आणि नको वाटल्यास कोणत्याही टप्प्यावर माघार घेता येते आणि माघारीचे कारण कोणालाही सांगितले जाणार नाही, असे बजावले. आपल्याकडे नवऱ्यासाठी बायकोने हो म्हणायचेच असे गृहीत धरले जाते. तिथे ही काळजी अत्यंत आवश्यक होती.

खर्चाच्या बाबतीत मात्र निराशा झाली. आकडा केवळ तोंडी सांगितला; लेखी अंदाजपत्रक मागितल्यावर पुण्याला या, असे उत्तर मिळाले. प्रत्यारोपणानंतर आयुष्यभर घ्याव्या लागणाऱ्या, शरीराने नवे यकृत नाकारू नये यासाठीच्या गोळ्यांचा खर्च आम्ही विचारल्यावरच निघाला. ज्या घराला शेत विकायचे की नाही हे ठरवायचे आहे, त्याच्या हातात कागद पडायलाच हवा.

जाणाऱ्यांनी स्कॅनच्या अहवालासोबत सीडीही न्यावी, आणि जनुकीय तपासणी झाली नसेल तर ऑपरेशन झालेल्या रुग्णालयातून तपासणीचा ब्लॉक (काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा) आधीच मागून घ्यावा.