चौदा महिने, एक खुर्ची आणि न दिलेला वायसर

लेकीसाठी वाढती खुर्ची (मूल वाढेल तशा फळ्या वरखाली करायच्या) घेऊन चौदा महिने झाले. रंग, वजन, किती किलो पेलते वगैरे माहितीपत्रकात आहे, ते परत लिहीत नाही. मला बोलायचंय ते पायाखालच्या फळीच्या बोल्टबद्दल.

पहिले तीन महिने नाव ठेवायला जागा नव्हती. बसायची आणि पायाखालची अशा दोन्ही फळ्या बाजूच्या खाचांत सरकवायच्या, अॅलन कीने (षटकोनी टोकाची वाकडी किल्ली) बोल्ट आवळायचे, झालं. (बसायच्या फळीला 5 ची की, खालच्या फळीला 4 ची. एकाच खुर्चीला दोन कशाला? असो.) चौथ्या महिन्यात कुरकुर सुरू झाली. पेन्सिल उचलली की कुर्र, पान उलटलं की कुर्र. आवळलं की चार दिवस शांत, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. सातव्यांदा आवळायला गेले तर किल्ली नुसती गरगर फिरत राहिली. आटे गेले.

कारखान्यात फोन केला. आधी म्हणाले, "नीट आवळून बघा." आटे गेल्याचं सांगितल्यावर म्हणाले, "मॅडम, जास्त आवळायचं नसतं." वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरांत 'झिजणारे भाग वगळून'. लोखंडी बोल्ट झिजणारा भाग असेल, तर न झिजणारं यांच्याकडे आहे तरी काय? दोन आठवडे भांडल्यावर पाकिटातून बोल्ट आला, 50 मिलिमीटरचा. हवा 60 चा. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो पाठवला. आठ दिवसांनी दुसरं पाकीट आलं. त्यातही 50 चाच.

इथवरचं लिहून दोन तारे देऊन ठेवले होते. पुढचं नंतर लिहिलंय.

याच कारखान्याचं एक स्टूल आमच्या घरात माझ्या लहानपणापासून आहे. बुडाशी डागलेला शिक्का अजून वाचता येतो. खुर्चीसोबत तेही उचललं आणि थेट कारखान्यात गेले, खरं तर टोमणा मारायलाच. तिथले सगळ्यांत जुने कारागीर बाहेर आले. खुर्चीकडे बघितलंही नाही, स्टूल उलटं करून पायाच्या टोकावरून अंगठा फिरवला. "ताई, ही पाचर बघा. पाय आरपार घालून वरून ठोकलीय, सरस लावून. हे सुटणार नाही. पण वाढणारही नाही."

मग बसल्या बसल्या कारखान्याचा सगळा इतिहास ऐकायला मिळाला. सुरुवात शाळेच्या बाकांनी झाली, सगळ्या वर्गांना एकच माप. मग पाळणे, त्यातही एक बाजू खाली सरकणारे. ते त्यांनी स्वतःहून बंद केले, खिट्ट्या ढिल्या होऊन बाजू लटकायला लागली म्हणून. घरी येऊन वाचलं तर हा दोष जगभरचा निघाला. अशा पाळण्यांची बाजू निसटून फट पडते आणि त्यात बाळ अडकतं. अमेरिकेत 2000 सालापासून अशी किमान 32 बाळं दगावली आणि 2011 मध्ये तिथे या पाळण्यांच्या विक्रीवर बंदी आली. म्हणजे ढिल्या बोल्टवरून मी डोकं खाते, हे घरच्यांनी म्हणून घ्यावं, पण ते उगाच नाही.

वाढती खुर्ची हा त्यांचा शेवटचा टप्पा. कल्पना त्यांची नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं. 1972 मध्ये नॉर्वेच्या पीटर ऑप्सविक यांनी ट्रिप ट्रॅप ही खुर्ची केली. खाचांत सरकणाऱ्या दोन फळ्यांची युक्ती तिथली. त्याआधी 1907 मध्ये मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये बालगृह उघडलं, आणि पुढे तिथे मुलांना स्वतः उचलता येतील अशा हलक्या खुर्च्या आणल्या. पण माँटेसरींच्या खुर्च्या मुलाच्या मापाच्या असल्या तरी मुलासोबत वाढत नव्हत्या. वाढायचं म्हटलं की सांधा उघडता आला पाहिजे, आणि उघडणारा सांधा म्हणजे बोल्ट.

खुर्चीकडे वळले तेव्हा त्यांनी बोल्ट काढून भोकाभोवतीची जागा दाखवली. लाकडात बोल्टच्या डोक्याचा गोल खड्डा पडला होता, नखाने चाचपडता येईल इतका. ढिला होत होता तो बोल्ट नाही, डोकं लाकडात रुतत होतं. मी जितकं आवळत गेले तितकं ते आत गेलं. उपाय काय, तर रुंद सपाट वायसर, भार पसरावा म्हणून. त्यांनी डब्यातून दोन काढले, आटे गेलेली बुशी (बोल्ट जिच्यात फिरतो ती आट्यांची नळी) बदलली, 60 चा बोल्ट लावला. पैसे घेतले नाहीत. मी विचारलं, हे वायसर खोक्यातच का देत नाही? म्हणाले, "आधी देत होतो. हिशोबवाल्यांनी काढले."

आता पाच महिने आवाज नाही. आणि खुर्ची म्हणून ती झकास आहे, हे कबूल केलं पाहिजे. पूर्वी लेक मोठ्या खुर्चीत एक पाय दुमडून, टेबलावर पडून लिहायची. पाय लोंबकळत असले की मूल पुढे घसरतंच. युरोपात शाळेच्या खुर्च्यांसाठी जे प्रमाण आहे त्यात 119 ते 142 सेंटिमीटर उंचीच्या मुलाला 35 सेंटिमीटरची बैठक सांगितलीय. आमचं जेवणाचं टेबल त्यापेक्षा कितीतरी उंच माणसांचं. मग बैठक वर घ्यावी लागते, आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून पायाखाली फळी हवीच. या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, तेव्हा वर्षातून दोनदा तरी खाच बदलायची. तेवढ्यासाठी दोन्ही अॅलन की बैठकीखाली चिकटपट्टीने लावून ठेवा, नाहीतर ऐन वेळी 4 ची सापडत नाही.

घ्यायची असेल तर घ्या, पण जोडायच्या आधी हार्डवेअरच्या दुकानातून वायसर आणा. चार तारे. पाचवा वायसर खोक्यात आला की.