व्हॅनमधली लिथियम बॅटरी आणि सोलर: सातपूरच्या एका कार्यशाळेचे काम

नाशिकमधल्या सातपूरच्या एका कार्यशाळेकडून आम्ही व्हॅनमध्ये १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, छतावर २०० वॅटची दोन पॅनेल आणि एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारे यंत्र) बसवून घेतला. काम खरोखर वाखाणण्याजोगे आहे. १२.८ व्होल्टची ही बॅटरी १,२८० वॅट-तास साठवते, आणि लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य घटते, तसे इथे फारसे होत नसल्याने छोटा फ्रिज, पंखा आणि दिवे रात्रभर निर्धास्त चालतात.

कारागिराने बॅटरीच्या धन टोकालगतच फ्यूज बसवला, तारांची जाडी प्रवाहाचा हिशेब करून निवडली आणि प्रत्येक लग (तारेच्या टोकाला बसणारी धातूची जोडणी) दाबून झाल्यावर ओढून पाहिला. ही काळजी मला ब्रँडपेक्षा मोलाची वाटते. तापलेले पॅनेल कमी वीज देते, म्हणून खाली हवा खेळायला फट ठेवली आहे.

श्रावणात इगतपुरी-त्र्यंबककडे ढग हटत नाहीत, तेव्हा केवळ सोलरवर विसंबता येत नाही. अल्टरनेटरवरून (गाडीच्या इंजिनावर चालणाऱ्या वीज जनित्रावरून) बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर मात्र त्यांनी आपणहून सुचवायला हवा होता, कारण लिथियम बॅटरी थेट जोडली तर ती इतका प्रवाह खेचते की अल्टरनेटर तापून निकामी होऊ शकतो.