विमा दाखवला म्हणून जवळजवळ तिप्पट बिल

रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी वाढवून घेण्यासाठी झालेल्या बारा मिनिटांच्या भेटीचे मला ३८२.६० डॉलर बिल आले. त्याच दवाखान्यात विमा न दाखवता स्वतः रोख पैसे देणाऱ्याला ही भेट १३० डॉलरला पडते. अमेरिकेत नोकरीतून मोठ्या डिडक्टिबलचा (विमा कंपनी पैसे देऊ लागण्याआधी दरवर्षी आपण स्वतः भरायच्या रकमेचा) विमा मिळालेल्या मराठी माणसांनी तरी सावध व्हावे, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहीत आहे.

माझे ३,२०० डॉलरचे डिडक्टिबल भरायचे आहे, तेव्हा रोखीने किती पडेल, असे मी काउंटरवर स्पष्ट विचारले होते. तिथल्या बाईंनी १३० हा आकडा सांगितला आणि लगेच म्हणाल्या, "तुमचा विमा चांगला आहे, रोख कशाला भरता? कंपनीचा ठरलेला दर कमीच असतो." विमा कंपनी घासाघीस करून दर उतरवते असेच आपण सगळे धरून चालतो, त्यामुळे माझ्या जागी कोणीही विश्वास ठेवला असता. डिडक्टिबल संपेपर्यंत तो ठरलेला दर पूर्ण आपल्याच खिशातून जातो आणि तो रोखीच्या दरापेक्षा जास्तही असू शकतो, हे त्यांना नक्की ठाऊक होते.

मग सहीसाठी टॅबलेट पुढे आला. हा दवाखाना रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग असून सुविधा शुल्क (डॉक्टरांच्या फीखेरीज रुग्णालय जागेसाठी व सोयींसाठी लावते ती रक्कम) वेगळे लागू शकते, अशी एक ओळ त्यात बारीक अक्षरांत होती. संशय यायला हवा होता तो तिथेच. पण मागे रांग, समोर "इथे सही, इथे सही" म्हणून स्क्रीनवर नाचणारे बोट, अशा घाईत ती ओळ वाचली जाऊ नये अशीच सगळी व्यवस्था होती. दारावर पाटी साध्या फॅमिली डॉक्टरांची आहे आणि रुग्णालय तिथून कित्येक मैल लांब आहे! दवाखाना रुग्णालयाच्या मालकीचा आहे का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

बिलात डॉक्टरांचे २१४.६० आणि सुविधा शुल्काचे १६८ डॉलर होते. भेट किती मोठी होती हे ठरवणारा बिलाचा कोड ९९२१४ लावला होता, जो किमान तीस मिनिटांच्या किंवा मध्यम गुंतागुंतीच्या भेटीसाठी असतो. माझा रक्तदाब आटोक्यात होता आणि औषधात काडीचाही बदल झाला नाही, म्हणजे फार तर त्याखालचा कोड ९९२१३. तपशीलवार बिल मागितल्याशिवाय हे कोड दिसतही नाहीत, तेव्हा ते मागाच.

मला रोखीचा दर लावा म्हटले, तर क्लेम गेला, आता काही होणार नाही, असे उत्तर मिळाले. विमा कंपनी म्हणाली, दर करारानुसार बरोबर आहे. राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार केली, तर तुम्ही नोकरी करता त्या कंपनीची योजना स्वनिधीची (म्हणजे उपचारांचा खर्च कंपनी स्वतःच्या पैशातून देते अशी) असल्यामुळे ती १९७४ च्या केंद्रीय कायद्याखाली येते, आमच्या अखत्यारीत नाही, असे दोन ओळींचे पत्र आले. केंद्राच्या मदतवाहिनीवर बराच वेळ ताटकळल्यावर कळले की क्लेम नाकारलेला नाही, म्हणून तक्रारच होत नाही! जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या कायद्याने विमा नसलेल्या किंवा रोख भरणाऱ्या रुग्णाला लेखी अंदाजपत्रक मिळते आणि बिल त्यापेक्षा किमान ४०० डॉलरने जास्त आले तर १२० दिवसांत दाद मागता येते. मी विमा दाखवला म्हणून मला ते अंदाजपत्रकही नाही. दरमहा हप्ता भरणाऱ्याला न भरणाऱ्यापेक्षा कमी संरक्षण, आणि याची कोणाला शरम नाही.

पूर्ण रक्कम स्वतः भरून "हा क्लेम विमा कंपनीला पाठवू नका" असे लेखी सांगण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि तो क्लेम जाण्याआधीच वापरावा लागतो. त्या काउंटरवर याचा उच्चारही कोणी केला नाही. असे भरलेले पैसे सहसा डिडक्टिबलमध्ये धरले जात नाहीत, म्हणून वर्षात मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर हिशेब वेगळा करावा लागेल. आकडा तोंडी घेऊ नका, आणि "सुविधा शुल्क धरून एकूण किती" हेच शब्द वापरा.

वसुली एजन्सीकडे प्रकरण जाऊ नये म्हणून मी २१४.६० डॉलर भरले आहेत. सुविधा शुल्काचे १६८ अडवून धरले असून कोड तपासून देण्याची लेखी मागणी केली आहे, तिला अजून उत्तर नाही.